खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

हिरामणकाकाबद्दल चांगलं काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी अकरा वर्षं त्याच्या शेजारच्या स्टुलावर काढली आहेत. तोंडावर ‘काका’ आणि ‘तुम्ही’, मनात मात्र कायम ‘तो’. इथेही मी ‘तो’च म्हणणार. कुणाला खटकलं तर खटको.

सातपूरच्या एमआयडीसीत मागच्या रांगेत आमचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, आठ माणसं, चार मशीन. त्यातलं सगळ्यांचं पोट भरणारं मशीन एकच, वायरकट. पितळेची केसाएवढी बारीक तार ठिणग्या पाडत पोलादातून जाते आणि साचा कापते. तार कुठून कशी वळवायची हे मशीनला लॅपटॉप सांगतो आणि लॅपटॉपला हिरामण सांगायचा. फक्त हिरामण. बाकीच्यांनी लांबून बघायचं.

हा मूळचा सटाण्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी नाशकात आला आणि एका उस्तादाच्या हाताखाली लागला. त्या उस्तादाने याला चार वर्षं डबे धुवायला आणि कानस मारायला लावलं, कामाचं एक अक्षर शिकवलं नाही. मग याने चोरून बघून बघून काम उचललं. हे तो स्वतःच छाती फुगवून सांगायचा. “मले कोनी शिकाडं नाही,” म्हणायचा. अहो, ठीक आहे, तुम्हाला नाही शिकवलं. म्हणून तुम्हीही कुणाला शिकवायचं नाही? हा कुठला न्याय? पण आमच्या धंद्यात अशी माणसं पैशाला पासरी. ज्याला येतं तो हात राखूनच शिकवतो, कारण शिकवलं की आपली गरज संपली असं त्याला वाटतं.

हिरामणने तर हातच पुढे केला नाही. पासवर्ड टाकताना गळ्यातला टॉवेल कीबोर्डवर पसरायचा आणि त्याच्याखाली बोटं चालवायची. पेनड्राइव्ह लावू द्यायचा नाही. कॉपी काढून ठेवू म्हटलं की, “व्हायरस येतो.” डबासुद्धा मशीनपाशीच, एकटा बसून खायचा. मी डिप्लोमा केलेली बाई. मला त्याने अकरा वर्षं तारेची रिळं बदलायला आणि पाण्याचं फिल्टर धुवायला लावलं. मी काही विचारलं की पहिल्यांदा ऐकूच यायचं नाही, दुसऱ्यांदा विचारलं की, “तुले काय करनं शे?”

तरी मी शिकले. त्याने उस्तादाकडून जसं चोरलं तसंच मी त्याच्याकडून चोरलं. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये तो दोन दिवस गावी लग्नाला गेला आणि लॅपटॉप तेवढा वर्कशॉपमध्ये राहिला. त्याच दिवशी एक तातडीचं काम आलं. योगेशशेठ, म्हणजे आमचे मालक, डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, मी करते. विंडोजचा पासवर्ड मला केव्हाच कळला होता, त्याच्या बोटांकडे नाही तर खांद्याकडे बघून. मी प्रोग्रॅम केला, साचा कापला, मापात बसला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे वा, उज्वला! आता आम्हाला काकांची सुट्टी परवडेल.”

शेठ गंमतीत बोलले. पण हिरामण परत आला तेव्हा कुणीतरी ते त्याच्या कानावर घातलंच. दुसऱ्या दिवशी, पंधरा जूनला, त्याने विंडोजचा पासवर्ड तर बदललाच, वर लॅपटॉप बंद करून माझ्यासमोर चालू केला. विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणारा एक पांढरा चौकोन आला. लॅपटॉपच्या आतलंच कुलूप. त्याने टॉवेल पसरला, काहीतरी लांबलचक टाइप केलं, आणि माझ्याकडे बघून हसला. “आता घाल बोटं,” म्हणाला. तारीख माझ्या लक्षात आहे, कारण त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी आपटली होती.

तो पांढरा चौकोन पुढची तीन वर्षं मी पाहिला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर मात्र हिरामणचं वागणं आणखीच विचित्र झालं. रोज संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मोपेडवर घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. पावसात आधी लॅपटॉपला प्लॅस्टिक, उरलं तर स्वतःला. वर्कशॉपमध्ये स्वतःच्या पैशाने एक यूपीएस आणून ठेवला. लाइट गेली की सगळे चहाला बाहेर, हा यूपीएसपाशी. त्याच्या मुलीच्या, साक्षीच्या लग्नात तर कमालच केली. सटाण्याच्या मंगल कार्यालयात स्टेजमागे खुर्ची टाकून, लॅपटॉप प्लगला लावून, हा वधूपिता पहारा देत बसलेला! अक्षता टाकायच्या वेळी साळूबाई, म्हणजे त्याची बायको, हाताला धरून ओढत घेऊन गेली. आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, “काकांचा खरा जावई तो, प्लगला लावलेला.” ते वाक्य नंतर कित्येक दिवस वर्कशॉपमध्ये फिरत होतं.

आणि खंडेनवमीला हा हमखास रजेवर. त्या दिवशी आमच्याकडे सगळी मशीन बंद ठेवतात. रॉकेलने पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना एक दिवस आराम. हिरामण म्हणायचा, “मी लॅपटॉपची पूजा घरी करतो.” आम्हाला वाटायचं, माजलाय.

या वर्षी वर्कशॉपला पंचवीस वर्षं झाली. शेठनी बजावून सांगितलं, खंडेनवमीला सगळे पाहिजेत, फोटो काढायचाय, काका तुम्ही पहिल्या रांगेत. मग काय करतो? आला. लॅपटॉप यूपीएसला जोडून टेबलावर ठेवला, त्याच्यासमोर स्वतः उभा. लेथवरच्या यादवने वायरकटचा मेन स्विच बंद केला, लेथ बंद झाली, ड्रिल बंद झालं. शेडमध्ये इतकी शांतता मी वर्षातून एकदाच ऐकते. आणि त्या शांततेत तेवढ्या एका लॅपटॉपचा पंखा घुंऽऽ करत होता.

माझं डोकं सटकलं. बाकीची हत्यारं झोपली, आणि याचंच हत्यार तेवढं राजा? शेठनी नारळ फोडला आणि हिरामणला पाणी आणायला पाठवलं. तेवढ्यात मी लॅपटॉप उचलला. कुलूपबंद पडद्यावरही बंद करायचं बटण असतंच. ते दाबलं. पंखा थांबला. यूपीएसची वायर काढली, झाकण मिटलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ ठेवली.

हिरामण पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याने लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे. तांब्या हातातून सुटला, पाणी थेट फुलांपर्यंत गेलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मी तयारच होते, माझ्याही जिभेवर चार ठेवलेल्या होत्या. पण तो नुसता स्टुलावर बसला. यादव म्हणाला, “काकांचं बीपी वाढलं वाटतं.” साखर चारली. फोटोत तो पहिल्या रांगेत आहे, डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. शुक्रवारी सकाळी मी पोचले तर शेठ लाल झालेले आणि हिरामण लॅपटॉपसमोर. पडद्यावर तोच पांढरा चौकोन.

“हिने मला न विचारता बंद केला,” हिरामण शेठना सांगत होता. “आत काहीतरी बिघडवलंय. आता माझा पासवर्ड घेत नाही.”

“मी नुसतं बंद करायचं बटण दाबलं!” मी ओरडले. “बंद केल्याने पासवर्ड बिघडतो होय?”

“मग माझा का घेत नाही?”

“तुम्ही विसरला असाल!”

“मी?” तो म्हणाला. “रोज टाकतो तो पासवर्ड मी विसरीन?”

रोज टाकतो तो माणूस विसरेल कसा? शेठनाही ते पटलं. शिवाय मंगळवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाचे सहा साचे द्यायचे होते आणि त्यांचे प्रोग्रॅम, मागच्या अकरा वर्षांच्या प्रोग्रॅमसकट, त्या चौकोनाच्या पलीकडे. कॉपी? कुठली कॉपी! शेठ मला म्हणाले, “हे बघ उज्वला, तू बंद केलास, तूच चालू करून आण. सोमवारपर्यंत. नाहीतर सोमवारनंतर येऊ नकोस.”

मी हिरामणकडे बघितलं. तो टॉवेलने कीबोर्डवरचं कुंकू पुसत होता. अकरा वर्षं, आणि माझ्या बाजूने एक शब्द नाही. नवऱ्याच्या कंपनीत मार्चपासून काम बंद आहे, माझी सृष्टी बारावीला आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तो पुसतच राहिला. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि त्यात माझ्या सासूलाही धरलंय.

शनिवारी लॅपटॉप घेऊन एमजी रोडला गेले. पहिल्या दोन दुकानांत पडदा बघूनच मान हलवली. तिसरा म्हणाला, मदरबोर्ड बदला. त्यानेच मग एका बोळातल्या पहिल्या मजल्यावर पाठवलं. “निसारभाईंकडे जा. ते नाही, त्यांची मुलगी बघते.”

खुशनुमा. पंचविशीची, डोक्यावरून ओढणी, डोळ्याला सूक्ष्मदर्शक. मान वर न करता म्हणाली, “बिल आणलंय?”

“कसलं बिल?”

“लॅपटॉपचं. आणि मालकाचं पत्र, शिक्क्यासकट. चोरीचे लॅपटॉप असेच येतात, ताई. सगळेच म्हणतात पासवर्ड विसरलो.”

“मी तुला चोर दिसते?”

“चोर कसा दिसतो ते मला माहीत नाही. म्हणून तर बिल मागते.”

मला राग आला. तशीच उलटपावली सातपूरला गेले. शेठच्या घरी जाऊन पत्र मागितलं तर ते भडकले, “माझ्याच लॅपटॉपसाठी मी दाखला द्यायचा?” शेवटी वहिनींनी, बिलांची फाइल कुठे असते ते ठाऊक असल्याने, कपाटातून बिल काढून दिलं आणि शेठकडून पत्रावर सही घेतली. मी एमजी रोडला परत पोचले तेव्हा निसारभाई शटर ओढत होते. खुशनुमाने बिलावरचा नंबर लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि म्हणाली, “उद्या अकराला या. रविवार आहे, पण येते मी.”

रविवारी तिने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं. मी म्हटलं, “आतला सेल काढला की पासवर्ड जातो म्हणतात.”

“जुन्यांमध्ये जायचा. यात तो वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून काही होत नाही.”

“मग डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर?”

“फाइली मिळतील. पण तुमचं ते मशीनचं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपला बांधलेलं असतं ना? ते दुसरीकडे चालायचं नाही.” तिने बोर्डावरची तांदळाएवढी एक चिप दाखवली. “यातलं सगळं आधी वाचून माझ्याकडे ठेवायचं, मग तेवढा पासवर्डचा भाग पुसून परत भरायचं. भरताना काही चुकलं तर बोर्ड जाईल. चालेल?”

न चालून सांगते कुणाला. तिने चिपला एक चिमटा लावला. त्यात तासभर गेला. एकदा चिमटा निसटला आणि ती “या अल्लाह” म्हणाली. मला वर्कशॉपचं गेट दिसलं, आणि गेटच्या बाहेर मी. मग तिने सगळं जोडून बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. मी पदर तोंडात धरला. आणि एकदम, तो पांढरा चौकोन न येता, सरळ विंडोज आलं.

मी तिला मिठीच मारली. ती अंग चोरून म्हणाली, “थांबा, आता विंडोजचा पासवर्ड. तो माहिताय?”

तो शेठनी हिरामणकडून कागदावर लिहून घेतला होता. टाकला. चालला. म्हणजे हा पासवर्ड त्याला बरोबर आठवत होता. मी म्हटलं, “बघ ना जरा, बंद केल्यामुळे आत काही बिघडलं होतं का? माझ्यावर आळ आहे.”

तिने एक यादी उघडली. लॅपटॉप कधी चालू झाला, कधी बंद झाला, याची नोंद तो स्वतःच ठेवतो म्हणे. ती वर-खाली करत राहिली, मग कपाळाला आठी घातली. “ताई, हा तुम्ही बंद केलात खंडेनवमीला. त्याच्या आधी चालू कधी झालाय माहिताय? पंधरा जूनला.”

“म्हणजे चार महिन्यांपूर्वी?”

“या वर्षीच्या नाही. तीन वर्षांपूर्वीच्या. त्यानंतर हा एकदाही बंद झालेला नाही. नुसतं झाकण मिटून झोपवलाय. झोपेतून उठताना हा आतला पासवर्ड मागत नाही.”

मी त्या तारखेकडे बघत बसले. पंधरा जून. “आता घाल बोटं.” मला अडवायला त्याने तो पासवर्ड घातला. मला सुचू नये म्हणून अवघड घातला, मला सापडू नये म्हणून कुठे लिहिला नाही, आणि स्वतःच विसरला. बहुतेक त्याच दिवशी. आणि हे सांगायची लाज वाटली म्हणून तीन वर्षं त्याने लॅपटॉप बंदच केला नाही. यूपीएस, मोपेड, प्लॅस्टिक, खंडेनवमीची रजा, मुलीच्या लग्नातला तो प्लग! सगळं एका ओळीत उभं राहिलं. म्हणे रोज टाकतो. त्या दिवसानंतर एकदाही टाकला नव्हता मेल्याने, आणि खापर माझ्या डोक्यावर.

मी त्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला. खुशनुमाने झाकण बसवताना विचारलं, “नवा पासवर्ड घालून देऊ?”

खोटं कशाला बोलू, ‘हो’ तोंडापर्यंत आलं होतं. मी घालीन, मीच टाकीन, आणि हिरामणने रोज सकाळी माझ्यापुढे येऊन उभं राहायचं. मला ते चित्र फार आवडलं. मग मी म्हटलं, “नको. आणि सगळ्याची एक कॉपी काढून दे.”

सोमवारी सगळ्यांसमोर लॅपटॉप चालू केला. मशीनला जोडला, प्रोग्रॅम गेला, तार ठिणग्या पाडायला लागली. शेठचा जीव भांड्यात पडला. मग मला म्हणाले, “चल, झालं ते झालं. या वेळी सोडतो. पुन्हा काकांना न विचारता हात लावायचा नाही.”

सोडतो! मला! हिरामण खाली मान घालून उभा. मोबाइल माझ्या हातातच होता, फोटो उघडलेला. एक बोट पुढे केलं असतं तर तो संपला असता. पण फोटो बघून शेठ ओरडणार, हा गप्प राहणार. मला त्याचं गप्प राहणं नको होतं. ते मी अकरा वर्षं ऐकलं होतं.

“काका,” मी म्हटलं, “लॅपटॉप बंद करा.”

“कशाला?”

“बंद करा आणि परत चालू करा. शेठसमोर. तुम्ही रोज करता तसं.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. शेठ वैतागले, “अहो करा ना काका, काय लावलंय?” त्याने डोळे मिटून बटण दाबलं. पंखा थांबला. लॅपटॉप त्याने परत चालू केला, पण डोळे उघडेनात. विंडोज आलं तरी उघडेनात. यादवने खांद्याला हात लावून सांगितलं, “काका, झाला चालू.”

मग तो बोलला. शेठकडे बघून नाही, जमिनीकडे. “शेठ, हिने काही बिघडवलं नव्हतं. पासवर्ड मीच घातला होता, तीन वर्षांपूर्वी. संध्याकाळी घरी गेलो आणि विसरलो. कोणासाठी घातला ते रोज हिचं तोंड बघितलं की आठवायचं. काय घातला ते काही आठवलं नाही.”

शेठ बोलायचं ते बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी माझ्याकडे वळून नुसतं, “अगं, मग आधी सांगायचं ना,” म्हणाले. माफी वगैरे त्यांच्या घराण्यात नाही. सहा साचे मंगळवारी गेले. चार त्याने केले, दोन मी.

मला त्याची दया आली का? आली थोडी. स्टेजमागची ती खुर्ची आठवली की अजून येते, आणि मी तेव्हा हसले होते तेही आठवतं. पण माझी नोकरी जात असताना हा माणूस कुंकू पुसत बसला होता. ते मी विसरणार नाही.

सोमवारी साडेपाचला त्याने सवयीने पिशवी उघडली. मी म्हटलं, “राहू द्या. बंद करून इथंच ठेवा.” त्याने बंद केला. दिवा विझेपर्यंत वाकून बघत राहिला. मग रिकामी पिशवी घडी करून डब्याबरोबर घेतली आणि निघाला. मोपेड चालू केली, गेटपर्यंत गेला, बंद केली आणि परत आला.

“उद्या चालू होईल ना?”

“होईल.”

पुन्हा गेला. मी हात धुऊन टिफिन उचलला तर दारात पुन्हा हा उभा.

“उज्वला, नक्की होईल ना?”

“होईल हो काका!” मी खेकसले. “जा आता घरी.”